शनिवारच्या चपला

नगर जिल्ह्याला समुद्र नाही, हे भूगोलाच्या बाईंनी मला दोनदा छडी मारून शिकवलं होतं. तरीही गेली सात वर्षं मी चौपाटीवर नोकरी करते. मुळा धरणाच्या फुगवट्याला लागून आमची चौपाटी आहे. जागा ग्रामपंचायतीची, कारभार ठेकेदाराचा. झोके, घसरगुंड्या, भेळेच्या दोन गाड्या, पायाने चालवायच्या बदकाच्या बोटी, पोहायची हद्द दाखवायला काठापासून पाण्यात ताणलेली दोरी, आणि काठावर ट्रकांनी आणून पसरलेली वाळू. ती वाळू कुठून आली हे आमच्या जिल्ह्यात कुणी विचारत नाही. शनिवारी-रविवारी नगर, श्रीरामपूर, संगमनेरहून बायकापोरांसकट गाड्या भरून लोक येतात. मी भारती साळवे, तिकीट खिडकीवर बसते. आणि पाण्यावर लक्ष ठेवायला कादरचाचा आहेत, ज्यांचा या जगात कुणावरही विश्वास नाही.

आत आलेल्या प्रत्येक कुटुंबाला चाचा पहिला प्रश्न विचारतात, "किती जन हाय?" नवऱ्याने आकडा सांगितला की मान डोलावतात, मग दहा पावलं पुढे गेलेल्या बायकोला गाठून तिलाही तेच विचारतात. एकदा नगरच्या एका साहेबांनी पाच सांगितले आणि बाईंनी सहा. साहेब मेहुणीच्या मुलाला मोजायला विसरले होते. त्या दिवशी ते कुटुंब घरी जाईपर्यंत चाचा साहेबांच्या मागे सावलीसारखे फिरत राहिले.

"मला पोहता येतं" म्हणणाऱ्यावर तर त्यांचा भलताच संशय. कुठे शिकलात, विचारतात. विहिरीत, असं उत्तर आलं की संपलं. "हिरीला चार भिंती असत्यात, सायेब. हितं भिंत कुठं हाय ते दावा." तरण्या पोरांच्या तोंडाचा वास घेतात. हवा भरलेल्या रबरी बदकाला बोटाने दाबून बघतात. माझ्या तिकिटांवरही त्यांचा भरवसा नाही, कारण पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नसतं. "बुडायला वय लागत न्हाई, भारती," असं एकदा म्हणाले होते. मला राग आला होता, पण बोलण्यात खोट काढता आली नाही.

वय एकसष्ट, अंगाने तुरकाठीसारखे. जन्म याच भागातला. चाचांच्या वडिलांचं शेत धरणात गेलं, आणि वडील जिथे ज्वारी पेरत तिथे चाचांनी पुढे तीस वर्षं मासे धरले. त्यामुळे पाण्याखाली कुठे बांध आहे, कुठे खड्डा, हे त्यांना पायांनी ठाऊक आहे.

आणि त्यांची काम करायची एक पद्धत आहे. ते माणसं मोजत नाहीत, चपला मोजतात. माणूस हलतो, इकडेतिकडे जातो. चप्पल जिथे काढली तिथे राहते. काठावर चप्पल आहे तोवर तिचा मालक पाण्यात आहे, असं चाचा धरून चालतात. संध्याकाळी काठ मोकळा दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

हे गणित बिघडतं ते शनिवारी. शनिशिंगणापूर आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. साडेसाती मागे लागलेली माणसं तिथे दर्शनाला जातात, आणि पीडा उतरावी म्हणून कुणी पायातली चप्पल, कुणी अंगातला सदरा सोडून अनवाणी घरी जातं. सोडलेल्या वस्तूकडे मागे वळून बघायचं नाही. पाण्याकाठी सोडली तर आणखी चांगलं, अशीही काहींची समजूत आहे. देवदर्शनाहून परतताना मुलांना पाण्यात खेळवायला लोक आमच्याकडे येतात आणि जाताना साडेसाती आमच्या वाळूत ठेवून जातात. दर शनिवारी दोन-चार जोड बेवारस उरतातच. आता त्यातली कुठली देवाला सोडलेली आणि कुठली पाण्यात गेलेल्या माणसाची, याचा निवाडा करायला आम्ही दोघं: चाचा मुसलमान, मी बौद्ध. आमच्या दोघांच्याही घरी शनी नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात असाच शनिवार होता. दुपारी अडीचला चाचा माझ्या खिडकीपाशी आले. तेव्हा ते आजच्याइतके संशयी नव्हते. म्हणाले, "दोरीच्या टोकाला काळा जोड हाय. मालक दिसंना." मी डबा खात होते. मान वर न करता मी म्हणाले, "शनिवार आहे चाचा. उतरवून गेलं असेल कुणीतरी. सोडा." चाचा जरा वेळ उभे राहिले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी त्या जोडाचा मालक वर आला, भीमराज. चोवीस वर्षांचा, राहुरीत मोबाईलच्या दुकानात कामाला, एकटाच आलेला. आमच्याच समाजातला मुलगा, म्हणजे त्याच्याही घरी शनी नव्हता. पलीकडच्या काठावर मेंढ्या चारणाऱ्याने पोलिसांना सांगितलं, की साडेचारपर्यंत कुणीतरी पाण्यातल्या वाळक्या बाभळीला धरून हात हलवत होतं. त्याला वाटलं मासेवाला आहे, रामराम करतोय. म्हणून त्यानेही हात हलवला.

अडीच ते साडेचार. हे दोन तास मला आजही झोपू देत नाहीत.

चौकशीत चाचांनी जबाब दिला. "चपला मला दिसल्या. मला वाटलं शनिवारच्या हायेत. चूक माझी." माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. भारतीला विचारलं होतं, एवढं म्हणाले असते तरी पुरे होतं. भीमराजची आई गोजरबाई त्या दिवशी चाचांना नाही नाही ते बोलली, आणि चाचा मान खाली घालून ऐकत राहिले. मी चार हातांवर पाण्याची बाटली धरून उभी होते. मी तोंड उघडलं नाही. नवरा अपघातात अंथरुणाला खिळलेला, घरात मिळवती मी एकटी, अशी कारणं मनाशी म्हणत होते. कारणं खरीच होती. लाज काही त्यामुळे कमी झाली नाही.

तेव्हापासून चाचा साऱ्या जगावर संशय घेतात आणि मी चाचांवर.

का झाकलं त्यांनी माझं? माणूस दुसऱ्याचं उगाच झाकत नाही. झाकलेलं भांडं कधीतरी उघडायलाच ठेवलेलं असतं, असा माझा अनुभव. चाचांनी पेन्शनचा अर्ज भरून मागितला, मी हातातलं काम टाकून भरून दिला आणि मनात म्हटलं, वसुली सुरू झाली. ईदला चाचांच्या घरून सरवरीचाचींनी शीरखुर्म्याचा डबा पाठवला, तर प्रत्येक घासाला वाटे, याच्या मागे काय असेल? दोन वर्षं झाली, त्या अर्जाखेरीज चाचांनी काहीही मागितलं नाही. त्याने माझा संशय आणखीच वाढला.

यंदाच्या मे महिन्यात चाचांनी दोनदा शिट्टी वाजवून सगळी चौपाटी पाण्याबाहेर काढली, आणि दोन्ही वेळा चपला शनिवारच्याच निघाल्या. आमचे व्यवस्थापक हनुमंतराव वाईट माणूस नाहीत, पण ठेकेदाराचा फोन आला की उभ्याने बोलतात. त्यांनी माझ्यासमोरच चाचांना सांगितलं, "चाचा, दुधाने तोंड पोळलं म्हणून माणूस ताक फुंकून पितो, कबूल. तुम्ही पाण्याचा हंडाच फुंकताय. आणखी एकदा उगाच शिट्टी वाजली, तर सोमवारपासून घरी बसा."

हे बोलणं झालं गुरुवारी. आणि शनिवारी दुपारी साडेतीनला चाचा माझ्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले.

"भारती, जरा चल."

शनिवारी गर्दीच्या वेळी खिडकी सोडायची नसते. पण दोन वर्षांनी ते पहिल्यांदाच मला बोलवत होते. मला वाटलं, आलं. आज मागणार.

त्यांनी मला दोरीपलीकडे, जिथे वाळू संपून धरणाचा काळा गाळ सुरू होतो तिथे नेलं. एका दगडावर मळखाऊ सदरा ठेवला होता आणि शेजारी पुरुषाच्या चामडी चपला.

"सदरा बघ. कसा ठिवलाय?"

"घडी करून."

"टाकून देनारा मानूस घडी करतो व्हय? आनि ही बघ." त्यांनी उजव्या पायाची चप्पल काडीने उलटी केली. अंगठ्याला नवी कोरी शिवण होती, लाल दोऱ्याची. दोरा अजून मळलाही नव्हता. "काल-परवा शिवलीय. टाकायची चप्पल कोन शिवून घेतं, सांग."

शनिवार आहे चाचा, हे शब्द तोंडापर्यंत आले होते. ते मी गिळले.

"पाऊल गेलंय पान्याकडं, पर आलेलं दिसंना. गाळात पोरांनी नाचून समदं बुजवलंय. काय करू?"

दोन वर्षांपूर्वी असंच विचारलं होतं. तेव्हा मी डबा खात होते. आज माझ्याकडे डबा नव्हता, पण धीरही नव्हता. वाजवा म्हणावं तर नोकरी जाणार त्यांची. नको म्हणावं तर... चाचांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि शिट्टी तोंडात घातली.

पुढे जे झालं तो तमाशाच होता. आया मुलांना दंडाला धरून ओढत होत्या, मुलं बोंबलत होती, बदकाच्या बोटी एकमेकींवर आपटत काठाला लागत होत्या. चाचांनी ओरडून सगळ्यांना आपापल्या चपला घालायला लावल्या. दहा मिनिटांत काठ रिकामा झाला. अनवाणी कुणीच उरलं नाही, आणि दगडाजवळचा जोड तिथेच राहिला.

"जोड हितं, मानूस न्हाई," म्हणत चाचांनी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक भेळवाल्याच्या हातात दिलं आणि पाण्यात शिरले.

हनुमंतराव धावत आले तोवर चाचांनी तीन बुड्या मारल्या होत्या. "बाई, काय आहे हे? कोण बुडालंय?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग माहीत काय आहे?" शिवण दाखवली तर कपाळावर हात मारला. "शिवणीवरून माणूस बुडतो का?" तोवर कुणीतरी मोबाईलवर चित्रण करून "मुळा धरणात एक जण बुडाला" असं पाठवूनही दिलं होतं. ठेकेदाराचा फोन आला. हनुमंतराव उभेच होते, आणखी ताठ उभे राहिले.

चाचा वर यायचे, तोंडाने हवा ओढायचे, वाळक्या बाभळीच्या दिशेने बघायचे आणि पुन्हा खाली जायचे. एकसष्ट वर्षांचा माणूस. मला ते बघवेना. काहीतरी करायचं म्हणून मी फाट्यावरच्या पुष्पावतीवहिनींना फोन लावला. वहिनींचं चहाचं हॉटेल आहे. आमच्याकडून बसला जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या डोळ्यांखालून जातो.

"वहिनी, तिकडे कुणी अनवाणी माणूस आलाय का?"

"हाय की. हा काय, बाकड्यावर बसलाय. नवा कोरा सदरा, पायात काय न्हाई. अकोले तालुक्यातला हाय, बसची वाट बघतोय."

"त्याला विचारा, चप्पल कुठे आहे?"

पलीकडून कुजबुज ऐकू आली. मग वहिनी म्हणाल्या, "बोलत न्हाई गं. म्हनतो, सोडलेल्याचं नाव काढायचं न्हाई."

मी काठावरून ओरडले, "चाचा, सापडला! फाट्यावर आहे!"

चाचा कमरेएवढ्या पाण्यात येऊन थांबले. मला वाटलं आता हसतील. "त्योच कशावरून?" म्हणाले. "आज शनवार हाय. अनवानी धा असतील. हितं आन त्याला. मी बघितल्याबिगार भाईर निघनार न्हाई." आणि परत बुडी मारली.

भेळवाल्याच्या भावाने मोटरसायकल काढली. पंधरा मिनिटांनी मागच्या सीटवर बसून गृहस्थ आले ते डोळे गच्च मिटून. नाव सोपानराव, वय पन्नासच्या पुढे, कपाळाला काळा बुक्का. उतरल्यावरही त्यांनी चौपाटीकडे पाठच फिरवली. "मला हितं कशापायी आनलं? साडेसात वर्सांची पीडा हाय माझी. मागं वळून बघितलं तर परत लागंल. तुमी घेनार का मग?"

"बघू नका," चाचा पाण्यातून बाहेर येत म्हणाले. ओठ निळे पडले होते. "पाय घाला चपलंत. बसते का बघू."

"पाय? डोकं फिरलं का तुमचं? पाय घातला तर समदंच अंगावर आलं की!"

हनुमंतरावांनी देवाची शपथ घातली, भेळवाल्याने दम दिला. सोपानराव ढिम्म हलेनात. शेवटी चाचांनी त्यांना दंडाला धरून ओल्या गाळाशी नेलं, तोंड रस्त्याकडे करून उभं केलं आणि दोन पावलं मागे यायला सांगितलं. मग गुडघ्यावर बसून त्यांनी ती चप्पल काडीने उचलली आणि गाळातल्या पावलाच्या ठशावर ठेवली. उजवी ठेवली, डावी ठेवली. दोन्ही तंतोतंत बसल्या. एवढ्यानेही समाधान झालं नाही. विचारलं, "दोरा कसला?"

"लाल. परवाच शिवली, राजूरच्या बाजारात."

"टाकायची हुती तर शिवली कशाला?"

सोपानरावांना हा प्रश्नच कळला नाही. "आता द्येवाला फाटकी चप्पल सोडायची व्हय? आपल्या अंगाला लागलेलीच सोडायची, पर नीट करून. सदराबी धुऊन, घडी करून ठिवला. उगं कुटंबी फेकून द्यायला त्यो काय उकिरडा हाय?"

लोक हसायला लागले. मीही हसले असते. पण चाचा गाळातच बसले होते, दोन्ही हातांनी तोंड झाकून, आणि त्यांचे खांदे हलत होते. थोड्या वेळाने उठून त्यांनी सोपानरावांच्या पाठीवर हात ठेवला. "जा. बस चुकंल. जित्ता हायेस, लई झालं."

साडेपाचला हनुमंतरावांनी मला कचेरीत बोलावलं. कागद तयार होता. कादर शेख हे वारंवार खोटी घबराट पसरवतात, यापूर्वी त्यांच्याच हलगर्जीने एक मृत्यू झालेला आहे, सबब त्यांना कामावरून कमी करावं. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव छापलं होतं. चाचा दाराशी उभे होते, ओल्या कपड्यांनी, आणि फरशीवर त्यांच्या पायाशी पाण्याचं थारोळं साचत होतं.

"सही करा, बाई. डोळ्यांनी पाहिलंय तुम्ही."

मी चाचांकडे पाहिलं. दोन वर्षं ज्या क्षणाची धास्ती घेतली होती, तो हाच होता. आता म्हणतील, मनात आलं. आता सांगतील, हिनेच सोडा म्हटलं होतं. नोकरी जायच्या वेळी कोण गप्प बसेल? चाचा खिडकीबाहेर धरणाकडे बघत होते. एका जोडप्याची मुलगी पाण्याच्या कडेला गेली होती, आणि तिच्यावरून त्यांची नजर हलत नव्हती.

मी पेन घेतलं. "त्यांच्याच हलगर्जीने" यावर काट मारली. खाली मोकळ्या जागेत लिहिलं, की भीमराज बुडाला त्या दिवशी अडीच वाजता कादर शेख मला विचारायला आले होते, आणि शनिवार आहे, सोडा, असं मी सांगितलं. ही गोष्ट मी चौकशीत लपवली. मग सही केली. अक्षर वाकडं आलं.

हनुमंतरावांनी ते दोनदा वाचलं. माझ्याकडे बघितलं, चाचांकडे बघितलं, कागदाची घडी करून खिशात घातली. "हे मला वर दाखवावं लागेल. तुमचं दोघांचं काय करायचं ते ठेकेदार ठरवतील." दारापर्यंत गेले आणि थांबले. "उद्या रविवार आहे. माझ्याकडे दुसरं कुणी नाही. दोघंही वेळेवर या."

ते गेल्यावर चाचांनी विचारलं, "काय लिवलंस?" त्यांना वाचता येत नाही. मी सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. रागावले असावेत.

"तुला कुनी सांगितलं हुतं?"

"चाचा, दोन वर्षं मी तुमच्यावर संशय घेतला," मी म्हटलं. "तुम्ही कधीतरी याचं काहीतरी मागाल असं वाटायचं. माझं नाव का नाही घेतलंत?"

चाचा सदऱ्याचा घोळ पिळत राहिले.

"घेतलं असतं तर माझं वझं निम्मं झालं असतं," ते म्हणाले. "पोरगं काय निम्मं मेलं न्हवतं, भारती."